आईच्या बोलण्याचा नकाशा

मागच्या महिन्यात आईला घेऊन उमरग्याहून हैदराबादला गेलो. तिच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली होती. गाठ साधीच... पण बसली होती नेमकी बोलण्याच्या जागेजवळ.

डॉक्टर बाई म्हणाल्या, आधी फंक्शनल एमआरआय करू. बोलताना मेंदूचा कुठला भाग काम करतो त्याचा नकाशा मिळाला, की तेवढा भाग सांभाळून गाठ काढता येते. नकाशा नाही आला, तर थोडी गाठ मागं ठेवायची, नाहीतर आईचं बोलणं पणाला लावायचं.

आता आईचं बोलणं म्हणजे... आमच्या गल्लीचा भोंगा, पंचायत आणि हवामान खातं, सगळं तेच. माझी जीभ तिखट म्हणणाऱ्यांनी मूळ माल पाहिलेला नाही.

मशीनमध्ये अट एकच. चित्र दिसलं की त्याबद्दल मनातल्या मनात बोलायचं. तोंड हललं की डोकं हलतं आणि फोटो पुसट येतो. पडद्यावर म्हैस आली, अन् आईनं तिचं दूध, वेत, मालक... सगळी चौकशी मोठ्यानं केली.

"अम्मा, मुँह नक्को हिलाओ, मन में बोलो," टेक्निशियन काकुळतीला आला.

"मनात बोलायला मी काय मुकी हाय का?" आतून उत्तर.

दुसऱ्यांदाही तेच. डॉक्टर म्हणाल्या, आता एकदाच बघू. ही बाई जन्मात कधी मनात बोललीय का...

आणि एकदम आजी आठवली. आईची सासू. तिच्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. आजी जेवायला बसली की आमटीपासून आईच्या माहेरापर्यंत सगळ्याला नावं ठेवायची, आणि आई चुलीपुढं भिंतीसारखी गप्प.

डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या, चालेल म्हणाल्या. मशीनच्या चुंबकापायी खिसे रिकामे करून आत आईपाशी गेलो. "आई, समज आजी पुढं बसलीय. आमटी अळणी म्हणतीय. पडद्यावर खूण दिसली की सुरू कर, गेली की थांब."

आईनं डोकं नीट टेकवलं. मग म्हणाली, "आधी सांगायचं की रे."

या वेळी ओठ जागचा हलला नाही. कॉम्प्युटरवर मेंदूची एक जागा नारिंगी पेटली... आणि गाठ तिच्यापासून पुरेसं अंतर राखून होती. इतक्या वर्षांची न दिलेली उत्तरं अशी कामी आली.

ऑपरेशन झालं, गाठ सगळी निघाली. शुद्धीवर आल्यावर आईनं मला नीट निरखलं.

"लई वाळलास रे. बायकू जेवायला घालत न्हाय व्हय?"

मी तिथंच रडलो. मशीनचे, डॉक्टर बाईंचे उपकार तर आहेतच... पण आजीचेही मानावे लागतील असं कधी वाटलं नव्हतं.

बायको शेजारीच उभी होती. ओठसुद्धा हलला नाही तिचा... फोटो फार स्वच्छ आला असता.