उशिरा नोंदलेली भाऊबीज

साथीच्या पहिल्या वर्षी आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात सकाळच्या चहाबरोबर मृत्यूंचा आकडा यायचा. बाबा टीव्हीसमोर बसून देशभरात किती गेले ते ऐकायचे आणि त्यावर घराचं धोरण ठरवायचे. आकडा चढला की खिडक्यासुद्धा बंद, उतरला की चपलांची शोधाशोध सुरू. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माझं ऐकायला विद्यार्थ्यांना हजेरीची सक्ती असते, बाबांना ती नव्हती.

त्या वर्षी भाऊबीज सोमवारी आली. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, सुलतान बाजारात राहते. तिला जुना दमा. तिच्याकडची भाऊबीज बाबांनी कधीच चुकवली नव्हती. नेमका त्याच सकाळी आकडा धाडकन खाली आला. बाबा नवा झब्बा घालून, साडीची पिशवी घेऊन तयार.

"ओसरली बघ साथ! ऑटो बोलाव."

"बाबा, काल रविवार, त्यात दिवाळी. कचेऱ्या बंद, नोंदी कोण करणार? हा आकडा काल वर पोचलेल्या नोंदींचा आहे. काल खरंच किती गेले ते मागाहून कळेल."

"कायच्या काय सांगायलीस! आकडा उतरला म्हणजे उतरला."

"दिवाळीत धोबी आला नाही म्हणून कपडे मळायचे थांबले का?"

बाबांनी कोपऱ्यातल्या बोचक्याकडे पाहिलं. ते चांगलंच फुगलं होतं. मग हळूच म्हणाले, "अन् जे कधीच नोंदीत येत नाहीत, ते?"

"तेही असतात," मी म्हटलं. वर्गात हे वाक्य मी किती सहज टाकत असे! त्या दिवशी मात्र ते बोलताना मला फार वाईट वाटलं.

बाबांनी चपला काढल्या. फोन स्पीकरवर लावून मला शेजारी बसवून घेतलं, कारण आत्याचा पारा दोघांनाही ठाऊक होता.

"अक्का, आज येत नाही मी. तुझा दमा..."

"मग मी काय चंद्राला ओवाळू?" आत्या कडाडली. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. "माझा भाऊ चांगला धडधाकट आहे की!"

बाबांनी केविलवाणं माझ्याकडे पाहिलं. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अक्का, ऐक की. सुट्टीतल्या नोंदी मागाहून होतात म्हणे. पोरगी सांगायली. आपली भाऊबीज बी मागाहून नोंदू."

माझ्या विषयाचा असा उपयोग कुठल्याही पुस्तकात नाही. आत्या हसली, हसता हसता खोकली, आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या लाटेत बाबा एका दिवसाच्या आकड्याला भुलले नाहीत. "आठवड्याचं काय म्हणतंय?" असं विचारून मलाच छळायचे. ती लाट ओसरली, बहीणभावाच्या लसी झाल्या, तेव्हा कुठे आम्ही सुलतान बाजारात गेलो. बाहेर पाऊस, आणि आत आत्यानं पाट मांडून रांगोळी काढलेली. मला हसू आवरेना.

निरांजन उजळताना बाबांनी चिडवलं, "काय अक्का, त्या दिवशी चंद्राला ओवाळलीस का मग?"

"हौ, ओवाळले," आत्या म्हणाली. "पण सांगितलं त्याला, ओवाळायले तुला, आयुष्य माझ्या भावाला दे."

बाबांनी पिशवीतून तीच दिवाळीतली साडी काढली, आणि ओवाळून झालं तरी पाटावरून उठले नाहीत.