पिशवी उलटी करायला लावणारी जुनेरा

दिघीच्या मेडिकलमध्ये खोकल्याचं औषध घ्यायला उभा होतो, तेव्हा काउंटरवरच्या जुनेराकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. माझ्या पुढे गुलबानू खाला ब्लडप्रेशरच्या गोळ्या मागत होत्या आणि जुनेरा त्या देत नव्हती.

"घरातल्या गोळ्या आणल्यात ना? ओता इथं."

खालांनी कुरकुरत पिशवी काउंटरवर उलटी केली. जुनेराने दोन पाकिटं उचलून वाचली. "चक्कर कधीपासून येते?"

"माझा रशीद दुबईहून सुट्टीवर आला तवापासून."

"त्यानं आणलेली आणि डॉक्टरांची, दोन्ही एकच गोळी आहे, खाला."

"एकच कशी? ही गुलाबी, ती पांढरी. आन् ती दुबईची हाय!"

जुनेराने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एक बंद करायला सांगितली. कोणती, यावर खालांनी बराच वाद घातला.

मला कुतूहल वाटलं. "हे कॉलेजात शिकवतात?"

"थोडंसं. खरं शिकायचं तर क्लिनिकल फार्मसी करायला हवं, सर. वॉर्डात रुग्णापाशी उभं राहून."

तिचं बी.फार्म. झालं होतं. पुढे दोन वर्षांचं एम.फार्म., फार्मसी प्रॅक्टिस विषय घेऊन, किंवा तीन वर्षांचं फार्म.डी. करावं लागणार होतं. नोकरी सांभाळून आम्ही शिक्षक बाहेरून एम.ए. करायचो, तसं काही नाही का, असं मी विचारलं.

ती हसली. "पेशंट पोस्टानं येत नाहीत, सर."

म्हणजे रोज हजर राहायचं. पण दुकानाचा परवाना तिच्या फार्मासिस्ट म्हणून असलेल्या नोंदणीवर चाललेला. ती गेली की दुकान बंद, आणि गावात दुसरं मेडिकल नाही. दर भेटीत मी विचारायचो, "काय ठरलं?" ती पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचायला घ्यायची. एकदा खाला मध्येच म्हणाल्या, "ही गेली तर माझी पिशवी कोन बघल?"

उपाय घरातच निघाला. तिचा नवरा मुसअबही फार्मासिस्ट, कुवेतला एका दुकानात. करार संपत आला, तेव्हा तो वाढवायचा की नाही हे त्याला ठरवायचं होतं. फोनवर तो तिला म्हणाला, "तुझ्यासाठी नाही हं, खालांच्या पिशवीसाठी येतोय." तिथला चांगला पगार सोडून तो खरंच आला. इथली नोंदणी त्याने चालू ठेवलेली होती.

आता काउंटरवर मुसअब असतो. जुनेरा नवी मुंबईत एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रोज सकाळी तिथल्या एका रुग्णालयाच्या वॉर्डात असते.