धाकटीची दोन दिवसांची सर्दी

तुम्ही ज्या विमानात बसता, त्याच्या वैमानिकाचं नाक आज चोंदलेलं आहे का, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे? नसेल विचारलं. मीही विचारलं नसतं, पण माझी धाकटी बहीण वैमानिक आहे आणि मला तिचा हेवा वाटतो.

हेवा हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. लोक म्हणतात, कौतुक वाटत असेल ना? तिचा पांढरा शर्ट दोरीवर वाळत असला, की मी त्याच्याकडे न बघता माझा टॉवेल काढते. याला कौतुक म्हणत नाहीत.

आम्ही बालीगंजला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आजोबा नोकरीसाठी कोलकात्याला आले आणि मग परत जायचं राहूनच गेलं. बाबा बँकेत होते, त्यातही बँकेपेक्षा युनियनमध्ये जास्त. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकं यायची. ती दुमडायचं काम आम्हा दोघींचं. बाबा पहिला मसुदा मराठीत लिहायचे, मग इंग्रजी करायचे. मराठी मसुदा मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं. त्यांचा एक नियम होता: पत्रकात काही झाकायचं नाही, सगळं मुद्द्यांनुसार मांडायचं. मी वाक्यं लिहायला शिकले ती अशी.

विमान चालवायचं स्वप्न आधी माझं होतं. गच्चीवरून दमदम विमानतळाकडे उतरत जाणारी विमानं मी बघायचे, आणि धाकटी माझ्या शेजारी उभी राहून मी बघते तिकडे बघायची. माझे फ्रॉक तिच्याकडे गेले तसं स्वप्नही गेलं. माझी सर्दीही जायची. फरक एवढाच, की माझी दोन आठवडे राहायची आणि तिची दोन दिवस. दुर्गापूजा संपून हवा पालटली की मी आजारी. पावसात आजारी. एसी बसमधून उतरले की आजारी. ताप कधी जेमतेम अंग कोमट होण्यापुरता, कधी तेवढाही नाही; पण नाक बंद, कान बंद. जिन्यात खालच्या काकीमा भेटल्या की विचारायच्या, "आबार ठांडा लागलो?" पुन्हा सर्दी का, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की बंगालीतलं पहिलं वाक्य मी तेच शिकले असेन.

प्रशिक्षणाआधी वैद्यकीय तपासणी असते. आम्ही दोघी एकाच दिवशी गेलो. अर्जात प्रश्न होता, कान-नाक-घशाचा वारंवार त्रास आहे का. मी 'हो' लिहिलं आणि एक पुरवणी जोडली. घरून लिहून नेली होती. मुद्दे एक ते नऊ: कोणत्या महिन्यात, किती दिवस, कोणता कान.

धाकटीनं ती बघितली. "ताई, विचारलंय तेवढं सांग. पत्रक नको काढूस."

"तू काय लिहिलंस?"

"नाही."

"खोटं."

"दोन दिवस नाक गळलं त्याला आजार म्हणायचं? मग जांभईसुद्धा लिहू का?"

डॉक्टरांनी माझे नऊ मुद्दे वाचले, जरा हसले आणि कागद बाजूला ठेवला. मग नाक दाबून, तोंड मिटून जोर करायला सांगितलं आणि कानात बघितलं. डावा पडदा हलेना. तूर्त अपात्र, तीन महिन्यांनी या. तीन महिन्यांनी मी माकडटोपी घालून गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर मी जायचं सोडलं. तोपर्यंत धाकटी शिकायला गेली होती.

पुढं कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगत आले: मी खरं लिहिलं म्हणून खाली राहिले, तिनं झाकलं म्हणून ती वर गेली. बाबा मान डोलवायचे. मला ती मान हवी असायची. त्या गोष्टीत डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला होता हे मी कधी सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा लिहिते आहे. मला नऊ मुद्द्यांनी नाही, एका पडद्यानं नापास केलं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला मला सर्दी झाली आणि ती नेहमीसारखी तिला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं विमान होतं. ती आता सहवैमानिक आहे. सकाळी ती टेबलाशी बसली होती. अंगात तो पांढरा शर्ट, हातात नाकात घालायच्या थेंबांची बाटली. नाक दाबून जोर करत होती.

"उजवा सुटतोय," ती म्हणाली. "डावा नाही."

डावा. माझाच कान तिच्या डोक्यात.

विमान खाली येताना बाहेरचा दाब बदलतो. चोंदलेला कान सुटला नाही तर भयंकर ठणकतो, कधी गरगरतं, आणि हे सगळं नेमकं उतरताना, जेव्हा वैमानिकाचं लक्ष दुसरीकडे जाऊन चालत नाही. म्हणून बरं नसेल तर वैमानिकानं आपणहून कळवायचं असतं. हे मला तिच्याइतकंच पाठ आहे. तिची पुस्तकं मीही वाचली आहेत, ती घरी नसताना.

"कळव त्यांना," मी म्हटलं.

"थेंब टाकलेत. जाईल."

"नाही गेलं तर?"

"उतरेपर्यंत जाईल गं."

"कळव."

तिनं बाटली खाली ठेवली. "मी घरी बसले की तुला बरं वाटेल ना, ताई?"

बाबांचं वर्तमानपत्र हलायचं थांबलं. तत्त्वाच्या गोष्टी मला तोंडपाठ होत्या. त्यातली एकही त्या क्षणी मला माझी वाटेना.

"हो," मी म्हटलं. "वाटेल. तरी कळव."

तिनं बाटलीला झाकण लावलं. मग तिनं फोन उचलला.

आणि मला खरंच बरं वाटलं. मी तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम केली, तिला माझी माकडटोपी घातली, आणि गुणगुणत वाफाऱ्याचं पाणी ठेवलं. आई म्हणाली, आज काय सण आहे का? दोघी बहिणी एकाच जमिनीवर होतो, हाच सण.

दुपारी तिच्या विमानतळावरच्या मैत्रिणीचा फोन आला. बदली वैमानिक येईपर्यंत विमान दोन तास थांबलं होतं. लोकांनी काउंटरवर हात आपटले. एकानं विचारलं, सर्दी झाली म्हणून कुणी विमान थांबवतं का? बाकीचे हसले.

धाकटीनं हे मला टोपीतूनच सांगितलं, फार शांतपणे. मग म्हणाली, "पुढच्या वेळी थेंब टाकून जाईन. ऐकून कोण घेणार हे सगळं?"

माझं गुणगुणणं थांबलं. तिला थांबवायला मी दर वेळी घरी नसेन. असले तरी माझं तिनं का ऐकावं? माझ्या तोंडून येणाऱ्या प्रत्येक 'जाऊ नकोस'ला हेव्याचा वास येणार, हे ती जाणते. मीही जाणते. हेवा गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण हेवा करायला तरी ती धडधाकट घरी यायला हवी.

म्हणून हे पत्रक समजा. मुद्दे नऊ नाहीत, एकच आहे. पुढच्या वेळी विमानतळावर सांगण्यात आलं, की वैमानिकाला बरं नाही, उशीर होईल, तर काउंटरवर हात आपटू नका. तिथल्या मुलीला 'ठीक आहे, थांबतो' म्हणा, आणि मागच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणा.