अर्पिताची भिंत

अर्पिता आणि मी एक व्हिडिओ गेम खेळायचो. ओसाड बेटावर जगून दाखवायचं, लाकडं तोडायची, घर बांधायचं, लांडग्यांपासून वाचायचं. मी कशाही फळ्या ठोकून छप्पर उभं करायचे. ती मात्र प्रत्येक फळी शेजारच्या फळीशी जुळेपर्यंत फिरवत बसायची आणि नाहीच जुळली तर अख्खी भिंत पाडायची.

"अगं, अंधार पडतोय, आत ये," मी ओरडायचे.

"थांब गं, रेषा चुकतेय," ती म्हणायची.

अर्पिता जाऊन वर्ष होत आलं. परवा दुपारी तिच्या आई, आमच्या काकू, घरी आल्या आणि म्हणाल्या, "तिचं ते घर दाखव ना."

मी गेम उघडला. या खेळात घराकडे कुणी फिरकलं नाही, की ते हळूहळू झिजतं. समुद्राकडच्या भिंतीतली एक फळी गळून पडली होती. बाकी सगळं ओळीत, तिच्या हातचं. माणूस जातं आणि त्याचा नीटनेटकेपणा असा मागे उभा राहतो, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा.

मी नवी फळी बसवली. जरा तिरकी बसली.

"काढ ती," काकू हळूच म्हणाल्या. "तिला नाही चालायचं."

मी काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. शेवटी ती जागा मोकळीच राहिली. तिथून खेळातला वारा घोंगावत आत आला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, आणि काकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.