पूर्वाच्या ताईंची बदली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावालाही नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

पूर्वा माझी भाची. ती नऊ वर्षांची असताना तिची आई काविळीनं गेली. भाऊ भद्रावतीकडे कोळसा खाणीत, म्हणून पोर सिंदेवाहीला माझ्याकडे आली. सारखे हात धुण्याचा आजार तिला आधीपासूनच होता. आई गेल्यावर तो इतका वाढला, की बोटं फुटून रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, आजार आणि दुःख, दोन्हींवर एकत्रच उपचार लागतील. मग दर गुरुवारी मी तिला एसटीनं चंद्रपूरला न्यायची. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताई तिला एकटीला आत घ्यायच्या. दार लावून.

दार कशाला लावायचं? वहीत काय लिहून घेतात? बाहेर आल्यावर पोर माझ्याकडे का बघत नाही? मला वाटायचं, ही बाई तिच्या तोंडून माझ्याबद्दल काढून घेते आहे. तसं वाटायला कारण होतं — सांगते.

एकदा पूर्वानं पिण्याचं पाणी हातांवर ओतून संपवलं. मी चिडले. म्हणाले, "याच हातानं मायले पाणी पाजलं तुनं, म्हणून मेली."

नऊ वर्षांच्या पोरीला म्हणाले मी हे.

पुढच्या गुरुवारी दाराला कान लावला. ताई हळू विचारत होत्या, "हे तुला कोणी सांगितलं, बेटा?" पूर्वानं माझं नाव घेतलं नाही — आणि तरी मी तिला पुन्हा तिथं नेलं नाही. आज नाही तर उद्या घेईल, हेच डोक्यात. ताईंचे फोन आले, उचलले नाहीत. भावाला सांगितलं, पोरगी सुधरली. पूर्वाला सांगितलं, ताईंची बदली झाली.

ती मोरीशी उभी होती. हात ओले.

"मले न सांगता गेली? माह्यामुळं गेली का वो आत्या?"

'नाई' म्हणायला किती वेळ लागतो? मी भाजी चिरत राहिले.

आता ती कॉलेजात आहे. हात अजून धुते. कोणी मैत्रीण जवळची झाली, की स्वतःच बोलणं तोडते. का, ते मला विचारावं लागत नाही.

ताई पुढे कितीतरी वर्षं त्याच खोलीत बसत होत्या. मला माहीत होतं. पूर्वाला अजून माहीत नाही.