बिनखुंटीचा सांधा

डेल्मर क्विस्टच्या उजव्या अंगठ्याला वरचं पेर नव्हतं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते करवतीच्या पट्ट्याने नेलं होतं. "अंगठी अंगठ्यात घालत नाहीत ना, नाहीतर तेवढ्यावर सुटलो असतो," असं तो बायकोसमोरच म्हणायचा आणि ती हातातलं फडकं त्याच्या पाठीत मारायची.

बिटररूट खोऱ्यात बॉयसबाईंच्या दुकानात आम्ही चौघं रायफलींचे दस्ते बनवायचो. दस्ता अक्रोडाचा, गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाचा. नळीखाली तो जिथे संपतो तिथे बोट-दोन बोटं लांबीचं, वेगळ्या गडद लाकडाचं टोक बसवायचं. त्या टोकाचा उपयोग म्हणाल तर काडीचा नाही, पण गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला हात तिथेच फिरवायचं. ही टोकं बसवायचं काम डेल्मरचं. माझं काम तयार दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं, तेही नुसत्या अंगठ्याने, लाकूड गरम होईपर्यंत. त्यामुळे माझी बोटं बाराही महिने तेलकट, आणि डेल्मर मला हाक मारायचा ती "काय रे, तेलाच्या बुधल्या" अशी.

दस्त्याच्या कापलेल्या तोंडाला तो दिव्याची काजळी लावायचा, त्यावर टोक दाबायचा आणि टोकावर जिथे काळं उमटेल तेवढंच खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. सगळं तोंड एकसारखं काळं होईपर्यंत तीस-चाळीस वेळा हेच. बाकीचे कारागीर आत लाकडाची खुंटी ठोकून मोकळे होत. हा ठोकत नसे. "खुंटी म्हणजे कबुली आहे," म्हणायचा. "सांधा जमला नाही, अशी." सत्तावीस वर्षांत त्याचं एकही टोक निघून परत आलं नव्हतं. त्याच्याकडे मिरवायला एवढंच होतं आणि तो ते भरपूर मिरवायचा. खरं सांगतो, कधी कधी कान किटायचे.

बहात्तर साली क्लिफ्टन रोर्क नावाच्या गुरांच्या मालकाने दस्ता करायला टाकला. टोकासाठी त्याने मेक्सिकोहून आलेलं, शिसवीच्या जातीचं लालकाळं लाकूड निवडलं. हे लाकूड अंगचंच तेलकट. ॲसिटोनने पुसायचं आणि दोन मिनिटांत इपॉक्सीचा गोंद लावून दाबायचं, नाहीतर तेल पुन्हा वर येतं आणि गोंद धरत नाही. डेल्मरने ते पुसलं की दुकानात कुणी त्याच्याशी बोलत नसे. फोन वाजला तरी वाजू द्यायचा.

त्या दिवशी सकाळीच त्याने मला दोन गिऱ्हाइकांसमोर झाडलं होतं. एका दस्त्यावर माझ्या तेलाचा ओघळ राहिला होता. "चाळिशी उलटली, आता तरी बघून काम कर," म्हणाला. त्याचं खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. दुपारी त्याने टोक पुसून ठेवलं आणि इपॉक्सी कालवायला पाठ वळवली. खिडकीतून ऊन आलं होतं आणि त्या लाकडाच्या रेषा अशा काही पेटल्या होत्या की मी ते उचललं. नुसतं बघायला. खाली ठेवताना दिसलं, पुसलेल्या तोंडावर मधोमध माझा अंगठा उमटला होता.

"पुन्हा पूस," एवढंच म्हणायचं होतं. त्याने शिव्या घातल्या असत्या, पुसलं असतं, संपलं असतं. पण सकाळचं बोलणं डोक्यात होतं. पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. तो वळला, त्याने इपॉक्सी लावून टोक दाबलं आणि शिकंज्यात आवळलं. मी पुढचा दस्ता चोळायला घेतला.

नोव्हेंबरात, एल्क या मोठ्या हरणांच्या शिकारीचे दिवस संपत असताना, क्लिफ्टन दुकानात आला. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात टोक.

"तिसऱ्या गोळीला बर्फात पडलं बघ," तो म्हणाला. "एल्क निसटलं आणि अर्धा तास मी गुडघ्यांवर बसून लाकूड शोधतोय."

डेल्मरने दस्ता उजेडात धरला. अक्रोडाला चिकटून राहिलेल्या इपॉक्सीवर मधोमध गुळगुळीत ठसा होता. रेषान् रेष दिसणारा, वरच्या पेरासकट पुरा अंगठा. डेल्मरने आपला थोटा अंगठा त्याच्या शेजारी टेकवला. क्षणभर तसाच ठेवला. मग त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात दस्त्याला तेल चोळत होते आणि मी ते थांबवलेसुद्धा नाहीत.

"माझंच चुकलं, क्लिफ्टन," तो म्हणाला. "घाई केली मी."

"खुंटी ठोकली असती तर हे झालं नसतं, डेल्मर," बॉयसबाई म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं तुला! यापुढे माझ्या दुकानातून बिनखुंटीचं टोक जाणार नाही."

"बरं, बाई," डेल्मर म्हणाला.

त्याने तो ठसा तिथल्या तिथे खरवडून टाकला आणि नव्या टोकाला भोक पाडायला घेतलं. त्यानंतर चार वर्षं त्याने प्रत्येक टोकात खुंटी ठोकली. काजळी लावणं सुटलं. खुंटी असल्यावर तेवढी गरज नसते, असं त्याने एकदा सांगितलं, तेही मी न विचारता. त्या दिवसाबद्दल तो मला कधी काही बोलला नाही. बुधल्या मात्र पुन्हा म्हणाला नाही, नावाने हाक मारू लागला. मला त्या हाकेची जितकी लाज वाटली तितकी कुठल्याच शिवीची वाटली नसती.

तो निवृत्त झाला तेव्हा चर्चच्या सभागृहात जेवण होतं. भाजलेलं मांस, बटाटे, त्याच्या बायकोने हकलबेरी या रानफळांचं सारण भरून भाजलेली गोड पाई. क्लिफ्टन ग्लास घेऊन उठला.

"एकतीस वर्षांत या माणसाचं एकच टोक गळलं," तो म्हणाला, "आणि ते नेमकं माझ्या नशिबी!"

सभागृह खदखदून हसलं. डेल्मरही हसला. हसली नाही ती फक्त त्याची बायको. "त्या वर्षी याचे डोळे जायला लागले होते," ती शेजारणीला हळूच सांगत होती. मी समोरच बसलो होतो. डेल्मरने ते ऐकलं आणि मान डोलावली.

तेव्हाही खरं सांगायला दोन मिनिटंच लागली असती. मी पाईचा मोठा घास तोंडात कोंबला आणि सगळ्यांबरोबर हसलो.