गुरुवारची गिरणी

माझ्या शिक्षकांना भर रस्त्यात रक्त येईपर्यंत मार खाताना मी पाहिलंय.

आज पहाटे ते गेले. वाधवानी सर. रावेतला, लेकीच्या घरी, झोपेत.
त्या माणसाला इतकं मऊ मरण आलं, हे ऐकून मी आधी देवाचे आभार मानले. मग रडले.

चिंचवडच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सर हिस्टरी शिकवायचे. पिंपरी कॅम्पातले सिंधी. इंग्लिश कडक, मराठी गोड आणि जरा वाकडं.

दर डिसेंबरात ते नववीच्या मुलींना पायी फिरवून एकाहत्तरचं युद्ध दाखवायचे. सीमेवरचं नाही. आमच्या गावातलं.

"सर, बॉम्ब कुठे पडला?" माझ्या मैत्रिणीने, मीनूने, निघतानाच विचारलं.
"पडला नाही, बेटा."
"मग बघायचं काय?"
सोबत आलेल्या सिस्टरसुद्धा हसल्या.

सरांनी दाखवलं. आमच्याच वर्गाच्या खिडक्या. ब्लॅकआउटसाठी काचांना काळे कागद लावले होते, त्यांची खळ कोपऱ्यांत अजून चिकटलेली होती.
कारखान्याचा भोंगा. त्या दिवसांत तो शिफ्टसाठी वाजवायचा नाही, फक्त विमानं आली तरच.
मैदानातले खंदक. बुजवलेल्या जागेवर पोरं क्रिकेट खेळत होती.

"आता भेळ ना?" मीनू कुजबुजली.

पण शेवटचा थांबा असायचा एका पिठाच्या गिरणीसमोर.

माझी ताई आधीच्या एका बॅचमध्ये या वॉकला गेली होती. ती म्हणाली होती, "तिथे काही ऐकू येत नाही गं. सर बोलायला लागले की गिरणीवाला अण्णा गिरणी सुरू करतो. दळण नसलं तरी. सरांचे नुसते ओठ हलतात."

दर वर्षी हेच. वॉक शनिवारी असायचा.

आमच्या वर्षी सरांनी तो गुरुवारी ठेवला.

कारखान्यांच्या या पट्ट्यात गुरुवारी वीज नसायची, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सरांनी तो दिवस का निवडला, ते मात्र आम्हाला गिरणीसमोर उभं राहिल्यावर कळलं.

अण्णाने आमची रांग पाहिली. आत गेला. खटका दाबला.
काही नाही.
पुन्हा दाबला.
सगळा रस्ता शांत.

सर म्हणाले, "मुलींनो, युद्धाच्या वेळी या समोरच्या खोलीत आम्ही राहत होतो. माझ्या वडिलांना दमा. ब्लॅकआउटमध्ये एका संध्याकाळी त्यांचा श्वास अडकला. औषध दिसेना, म्हणून मी एक काडी पेटवली."

"ए मास्तर!" अण्णा आतून ओरडला. "गुमान पुढं चल!"

"बाहेर ओरडा झाला. हेर आहे, विमानाला खूण करतो. सिंधी बोलतो, म्हणजे तिकडचाच. दार तोडलं. आम्हा दोघांना ओढत इथे आणलं, जिथे मी उभा आहे. पहारीने मारलं. माझा हात मोडला. बाबांचं डोकं फुटलं."

अण्णा पायरी उतरून आला. हातात गिरणीचा जुना पट्टा होता. कातडी, बोटभर जाड.

पहिला फटका सरांच्या कानावर बसला.
चष्मा उडाला.
दुसरा तोंडावर.
पांढऱ्या शर्टावर रक्त असं झरझर उतरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आम्ही किंचाळत होतो. सिस्टर मध्ये पडल्या, तर त्याने त्यांना ढकललं. त्या गटाराच्या कडेला आपटल्या.
कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे पानाच्या टपरीवर गडीमाणसांची गर्दी होती. एकही हलला नाही.

सर गुडघ्यांवर बसले होते. आणि बोलत होते.
"सत्तेचाळीसला कराचीहून जिवंत आले होते ते. तिथल्या जमावाने सोडलं त्यांना. इथे..."

"खोटं!" अण्णाने पुन्हा पट्टा ओढला. "अंधारात कोणी मारलं, कोणी बघितलं? पोलीस आले तवा कोण बोललं? बोल!"

"म्या बघितलं."

दळणाचा डबा ठेवून जायला आलेली पारूबाई. शेजारच्या आळीतली. आमच्या शाळेच्या बागेत खुरपायला यायची.

"तू गप गं!"

"का गप? लई वरसं गप बसले. मास्तरनं बापाचं त्वांड बघाया दुसरी काडी वढली, तवा तुजंच थोबाड दिसलं मला. हातात पहार व्हती. म्हातारा पडल्यावर बी हाणत व्हतास. आता पोरींम्होरं लेकाला हाण. हाण की!"

अण्णाचा वर गेलेला हात तसाच राहिला.
मग त्याने पारूबाईचा डबा लाथेने उडवला. ज्वारी रस्ताभर झाली. तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

पोलीस केस झाली नाही. पालकांच्या तक्रारी आल्या आणि वॉक कायमचा बंद झाला. पारूबाईला पुढे दळणासाठी आकुर्डीपर्यंत चालत जावं लागायचं. सर रिटायर होईपर्यंत आमच्याच शाळेत हिस्टरी शिकवत राहिले, एका कानाने बहिरे.

पण मला त्या दिवसाचं शेवटचं सांगायचंय.

सरांनी उठून चष्मा शोधला. सिस्टरना हात दिला. आम्हाला दोन-दोनच्या रांगेत उभं केलं. मग कानावर रुमाल दाबून ते चालत रांगेच्या टोकाला आले. तिथे मी होते, रडत.

"बेटा, आवाज इथपर्यंत पोचला का?"

"पोचला, सर."

त्यांनी मान हलवली. दोन पावलं गेले आणि परत वळले.

"नाव सांगायचं राहिलं. जेठानंद. माझे वडील."

सर, तुम्हाला आणि जेठानंदजींना तुमच्या विद्यार्थिनीचा नमस्कार.
सुखाने जा.